माज हुकला की २१ दिवस गेले

गाय नऊ महिने नऊ दिवस गाभण राहते, असं गोठ्यातली जुनी माणसं सांगतात. हिशेब जवळपास चोख आहे. संकरित गायीचा गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा असतो. वर्षाच्या ३६५ दिवसांतून हे २८० वजा केले की उरतात ८५. वर्षाला एक वेत हवं असेल, तर व्यायल्यापासून या ८५ दिवसांत गाय पुन्हा गाभण राहायला हवी. त्यातले पहिले ५०-६० दिवस गर्भाशय पूर्ववत होण्यात जातात. हाताशी उरतो जेमतेम महिना. गाय माजावर येते सरासरी २१ दिवसांनी, म्हणजे या महिन्यात एक माज, फार तर दोन. आणि तो माज टिकतो १२ ते १८ तास. भरपूर दूध देणाऱ्या होल्स्टीन गायींमध्ये त्याहूनही कमी.

हा माज रात्री येऊन पहाटे ओसरला आणि कुणाच्या ध्यानात आला नाही, तर पुढच्या संधीसाठी आणखी २१ दिवस थांबावं लागतं. दोनदा असं झालं की दीड महिना गेला. गाय तोवर वैरण खातेच, पेंड खातेच. दूध मात्र दिवसागणिक उतरत जातं.

पुणे जिल्ह्यातल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत या दिवसांना मोठी किंमत आहे. नीरा डाव्या कालव्यानं इथं ऊस आणला, उजनीच्या पाण्यानं तो इंदापूरच्या अनेक गावांत पोचवला. पण उसाचा पैसा यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. घरखर्च, मुलांच्या शाळेची फी, किराणा या सगळ्याला आधार असतो तो दुधाचा. डेअरीकडून बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी मिळणाऱ्या पैशाला इथले लोक ‘दुधाचा पगार’ म्हणतात. बारामतीत श्रायबर डायनामिक्स, इंदापुरात सोनाई अशा मोठ्या डेअऱ्या उभ्या राहिल्या त्या या हजारो छोट्या गोठ्यांच्या जोरावर. आणि या गोठ्यांचं गणित शेवटी गाय वेळेवर गाभण राहते की नाही, यावर येऊन थांबतं.

म्हणूनच गायीच्या गळ्यात किंवा पायात बांधायच्या, माज ओळखणाऱ्या पट्ट्यांबद्दल नीट समजून घ्यायला हवं. माणसांच्या मनगटावरची घड्याळं आज पाळीचा आणि बीजमोचनाचा अंदाज सांगतात. पण अंगावर वागवायच्या यंत्रावरून प्रजननाची वेळ ताडण्याचं शास्त्र बाजारात आधी रुजलं ते गोठ्यात.

आधी एक प्रश्न. माज ओळखण्याची जबाबदारी माणसावर आली कधी? पूर्वी गावात वळू असे. गाय माजावर आलेली त्याला वासानं कळे आणि वेळही तोच साधे. माणसानं फक्त गाय त्याच्यापर्यंत न्यायची. कृत्रिम रेतन आलं आणि वळू गोठ्यातून गेला. महाराष्ट्रात या बदलाचं मोठं केंद्र ठरलं ते पुणे जिल्ह्यातलंच उरुळी कांचन. महात्मा गांधींसोबत १९४६ मध्ये तिथं आलेले मणिभाई देसाई निसर्गोपचार आश्रमाचं काम पाहता पाहता गोपालनाकडे वळले आणि १९६७ मध्ये त्यांनी ‘बाएफ’ची स्थापना केली. द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवलेलं वीर्य आणि ते घेऊन थेट शेतकऱ्याच्या दारात जाणारा प्रशिक्षित कार्यकर्ता, ही पद्धत या संस्थेनं गावोगाव नेली. होल्स्टीन आणि जर्सीचं रक्त असलेल्या संकरित गायी पश्चिम महाराष्ट्रात पसरल्या त्यामागे हे काम आहे. मणिभाईंना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दूध वाढलं, पण वळूचं एक काम बिनबोभाट माणसाच्या अंगावर पडलं: गाय माजावर आली आहे हे ओळखायचं, आणि तेही वेळेत.

हे काम आजही बहुतांश बायका करतात. शेणपाणी, वैरण आणि अनेक घरांत धारासुद्धा त्यांच्याच हाती असतात. गाय विनाकारण हंबरते, वैरणीत तोंड घालत नाही, एकाएकी दूध कमी देते, वारंवार लघवी करते, शेपटी बाजूला धरते. मागून काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट लोंबतो. दुसऱ्या गायीवर उडी मारणं हे एक लक्षण. पण सगळ्यांत खात्रीचं लक्षण म्हणजे दुसरी गाय अंगावर चढली तरी न हलता उभं राहणं. दोन-तीन दिवसांनी कधी कधी शेपटीला रक्ताचा डाग दिसतो. अनुभवी बाईला त्याचा अर्थ ठाऊक असतो: माज येऊन गेला, आता सुमारे अठरा-एकोणीस दिवसांनी पुन्हा लक्ष ठेवायचं.

अडचण जाणकारीची नाही, वेळेची आहे. अनेक गायींची माजाची हालचाल संध्याकाळपासून पहाटेपर्यंत जास्त असते. तेव्हा माणसं झोपलेली असतात, नाहीतर रात्रीच्या लाइटवर उसाला पाणी धरायला गेलेली असतात.

माजात जनावर फिरतं, हे शास्त्रज्ञांना प्रथम नीट मोजता आलं ते उंदरांमध्ये. अमेरिकेत वांग या संशोधकानं १९२३ मध्ये पांढऱ्या उंदराच्या माद्यांना फिरत्या चाकाच्या पिंजऱ्यात ठेवून त्यांच्या धावण्याची नोंद केली. दर चार-पाच दिवसांनी त्यांचं धावणं एकदम वाढत होतं, आणि ती वाढ त्यांच्या माजाच्या चक्राशी जुळत होती. १९५४ मध्ये फॅरिस यांनी गायींच्या पायाला पावलं मोजणारं साधन बांधलं. तिथंही तेच आढळलं. १९७७ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागातल्या किडी यांनी याची पद्धतशीर मोजदाद केली तेव्हा माजातल्या गायीची हालचाल एरवीच्या दुप्पट ते चौपट होते, असं स्पष्ट झालं. पुढे १९८० च्या दशकात इस्रायलमधल्या अफिकीम या सामूहिक वस्तीनं गायींसाठी इलेक्ट्रॉनिक पेडोमीटर बाजारात आणला. माणसं मनगटावर पावलं मोजू लागली त्याच्या कितीतरी आधी गायी ती मोजत होत्या.

आजच्या पट्ट्यात पावलं मोजण्यापलीकडची सोय असते. त्यात अ‍ॅक्सलरोमीटर नावाची चिप असते; मोबाइल आडवा धरला की पडदा आडवा होतो तो याच चिपमुळे. वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे अशा तिन्ही दिशांची हालचाल ती सेकंदाला अनेकदा टिपते. गाय चालते तेव्हा मानेची हालचाल एका तऱ्हेची, चरते तेव्हा दुसऱ्या तऱ्हेची आणि रवंथ करते तेव्हा तिसऱ्याच तऱ्हेची असते. पट्ट्यातली संगणकीय आज्ञावली या तऱ्हा वेगळ्या करते. निरोगी गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते. माजाच्या दिवशी हालचाल वाढते आणि रवंथ घटतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या की यंत्राचा अंदाज पक्का होतो.

इथं महत्त्वाचं हे, की यंत्र एका गायीची तुलना दुसरीशी करत नाही. एखादी गाय मुळातच चपळ असते, एखादी दिवसभर बसून राहते. म्हणून पट्टा प्रत्येक गायीच्या मागच्या आठ-दहा दिवसांच्या वागण्यावरून तिची स्वतःची सरासरी ठरवतो आणि त्याहून मोठी उसळी दिसली तरच मोबाइलवर सूचना धाडतो. अशा यंत्रांवर अनेक देशांत अभ्यास झाले आहेत. चांगल्या मुक्त गोठ्यात दहापैकी सात ते नऊ माज पकडले जातात, असा त्यांचा साधारण सूर आहे. सूचना कधी फसवीही असते. गायीचा गट बदलला, लसीकरण झालं, खुरं कापली, कुत्रं गोठ्यात घुसलं, तरी हालचाल वाढतेच.

सूचना आली की पुढचा प्रश्न वेळेचा. माज सुरू झाल्यापासून साधारण २४ ते ३० तासांनी बीज सुटतं आणि ते काही तासच फलनक्षम राहतं. शुक्राणूंनाही गर्भमार्गात तयार व्हायला काही तास लागतात. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम अमेरिकेतल्या ट्रिम्बर्गर यांनी १९४० च्या दशकात मांडला आणि तो गावागावातल्या रेतन करणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडी आहे. त्यात एक त्रुटी आहे. सकाळी सहाला दिसलेला माज पाचला सुरू झाला होता की आदल्या रात्री दहाला, हे माणसाला कळत नाही. पट्ट्याला ते कळतं, आणि त्याची खरी किंमत इथं आहे. माज आहे की नाही याच्या उत्तरासोबत तो कधी सुरू झाला हेही तो सांगतो.

लिंगनिर्धारित वीर्य वापरताना ही वेळ आणखी मोलाची होते. एक्स गुणसूत्राच्या शुक्राणूत वायच्या तुलनेत सुमारे चार टक्के जास्त डीएनए असतो. त्या फरकावर शुक्राणू वेगळे करून कालवडच जन्मेल याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास नेता येते. सांगली जिल्ह्यात भिलवडीला चितळे डेअरीच्या परिसरात अशी प्रयोगशाळा उभी राहिली. ट्रॅक्टर आल्यापासून संकरित गोऱ्ह्यांना शेतात काम उरलेलं नाही, त्यामुळे शेतकऱ्याला कालवड हवी असते. पण अशा वीर्यकांडीत शुक्राणूंची संख्या कमी असते आणि वेगळं करण्याच्या प्रक्रियेतून गेल्यामुळे त्यांचं आयुष्यही थोडकं असतं. ते बीज सुटण्याच्या जवळ जाऊन वापरलं तर फळ मिळतं. महाग कांडी चुकीच्या तासाला वापरली की गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते, आणि पैसाही जातो.

माणसांचं काय? बाजारात घड्याळं, अंगठ्या आणि मोबाइल अ‍ॅप आले आहेत, आणि जाहिरात पाहून वाटतं की काम तेच आहे. शरीरशास्त्र मात्र वेगळं सांगतं. गाय आपला माज सगळ्या गोठ्याला दाखवते. स्त्रीच्या शरीरात बीज सुटतं तेव्हा असं कुठलंच ठळक बाह्य चिन्ह दिसत नाही आणि तिच्या चालण्या-फिरण्यातही मोजून भरवसा ठेवावा असा बदल होत नाही. त्यामुळे यंत्राला दुसरा पुरावा शोधावा लागतो, तो म्हणजे तापमान. डच स्त्रीरोगतज्ज्ञ वान दे वेल्डे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवलं, की पाळीच्या चक्रात स्त्रीच्या शरीराचं विश्रांतीतलं तापमान दोन पायऱ्यांत चालतं. बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसनं चढतं. घड्याळ किंवा अंगठी झोपेत हीच चढण टिपते.

अडचण ‘नंतर’ या शब्दात आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की गर्भधारणा होऊ शकेल असे दिवस सहा असतात: बीज सुटण्याआधीचे पाच आणि तो एक दिवस. तापमान चढतं तेव्हा हे सहाही दिवस सरलेले असतात. २०२२ मध्ये आलेल्या अ‍ॅपल वॉचच्या मॉडेलनं तापमानावरून बीजमोचनाची जी तारीख द्यायला सुरुवात केली ती म्हणूनच मागे वळून काढलेला अंदाज असतो. पुढच्या महिन्याचं भाकीत मागच्या महिन्यांच्या सरासरीवर उभं राहतं. पाळी नियमित असेल तर ते बऱ्यापैकी जुळतं. ताप, रात्रपाळी, अपुरी झोप, थायरॉइडचा त्रास, पीसीओएस, बाळंतपणानंतरचे महिने अशा काळात ते कोलमडतं. लघवीतल्या एलएच संप्रेरकाची पट्टी याबाबत उपयोगी पडते, कारण ती बीज सुटण्याच्या साधारण दीड दिवस आधी इशारा देते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये तापमानावर चालणाऱ्या एका अ‍ॅपला गर्भनिरोधनाचं साधन म्हणून प्रथम परवानगी दिली. पण तेव्हाच्या आकडेवारीनुसार रोजच्या सामान्य वापरात वर्षाला शंभरपैकी साधारण सात स्त्रियांना दिवस राहू शकतात. गर्भधारणा नकोच असेल तर फक्त घड्याळाच्या भरवशावर राहणं धोक्याचं आहे, हे मुलींना आणि जोडप्यांना स्पष्ट सांगायला हवं.

पुन्हा गोठ्याकडे. गायीचा पट्टा भाकीत करत नाही, तो घडत असलेली गोष्ट सांगतो. म्हणून तो जास्त भरवशाचा. पण त्याचीही एक अट आहे: गायीला हलता आलं पाहिजे.

चार हात दाव्यावर दिवसरात्र बांधलेली गाय चालणार किती? तिच्यावर दुसरी गाय चढणार कशी? दावणीला ती फार तर पाय बदलत राहते, मान हलवते. पट्ट्यातला माहितीचा कच्चा माल मोकळी हालचाल हा आहे. तोच नसेल तर महागडं यंत्रही चाचपडतं. पश्चिम महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत मुक्त संचार गोठ्याचा प्रसार झाला. बारामती-इंदापूरला लागून असलेल्या फलटणच्या गोविंद डेअरीनं तो आपल्या शेतकऱ्यांपर्यंत नेण्यात पुढाकार घेतला. कुंपण घातलेली मोकळी जागा, मध्ये पाण्याची टाकी, एका कडेला गव्हाण आणि सावली. अशा गोठ्यात गायी एकमेकींवर चढतात, माज उघड्या डोळ्यांनाही दिसतो आणि पट्ट्यालाही. पट्टा घेण्याआधी दावं सोडलं तर निम्मं काम फुकटात होतं.

उन्हाळा ही दुसरी अडचण. एप्रिल-मे महिन्यांत या भागात पारा चाळिशी ओलांडतो. होल्स्टीन हे थंड प्रदेशातलं रक्त. उष्णता आणि आर्द्रता यांचा मिळून जो निर्देशांक काढतात तो ७२ च्या पुढे गेला की या गायींना ताण सुरू होतो. ताण असलेली गाय सावलीत धापा टाकत उभी राहते. तिचा माज छोटा आणि पुसट होतो. याला शेतकरी मुका माज म्हणतात. म्हशीत तर मुका माज एरवीही सर्रास आढळतो, म्हणून गायीसाठी जुळवलेला पट्टा म्हशीच्या गळ्यात तितका खरा ठरत नाही. काही देशांत गायीच्या पोटात कायम राहणारी तापमापक गोळी वापरतात. गायीचं शरीराचं तापमान माजाच्या वेळीच, बीज सुटण्याच्या आधी, किंचित वाढतं. म्हणजे स्त्रीच्या शरीरात घडतं त्याच्या उलट क्रमानं. तरी भर उन्हाळ्यात तापमानाचा हा इशाराही धूसर होतो.

तिसरी गोष्ट वैरणीची. ऊसतोड सुरू झाली की या तालुक्यांत गोठ्यांत वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, ढीग पडतात. वाढं स्वस्त असतं आणि गायी ते आवडीनं खातात, पण त्यात ऑक्झलेट असतं. ते कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि गायीच्या अंगी लागू देत नाही. महिनोन्‌महिने मुख्य वैरण वाढ्याचीच राहिली आणि खनिज मिश्रण दिलं नाही, तर दुभत्या गायीत खनिजांची कमतरता वाढते आणि माज लांबतो किंवा येतच नाही. जो माज आलाच नाही तो कुठलं यंत्र दाखवणार? मक्याचा मुरघास, चांगला हिरवा चारा आणि रोजचं खनिज मिश्रण हा प्रजननावरचा खर्च आहे, हे पट्टा विकणारा सांगणार नाही. गोठ्यावर येणारे डॉक्टर सांगतात.

महाराष्ट्रात या तंत्रज्ञानाची तयारी मात्र झालेली आहे. पुणे जिल्ह्यातच मंचरजवळच्या भाग्यलक्ष्मी फार्मवर हजारो होल्स्टीन गायींचं व्यवस्थापन यंत्रांच्या मदतीनं चालतं. भिलवडीच्या चितळे डेअरीनं जनावरांच्या कानात रेडिओ टॅग बसवून त्यांच्या नोंदी संगणकावर नेल्याला बरीच वर्षं झाली. आयआयटी मद्रासच्या माजी विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या बंगळूरच्या स्टेलॅप्सनं भारतीय गोठ्यांसाठी पेडोमीटर बनवला. बारामतीत अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या साथीनं उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू केला. शेतातल्या सेन्सरची माहिती मोबाइलवर पाहणारा शेतकरी इथं आता नवलाईचा राहिलेला नाही. जनावरांच्या कानातला बारा आकड्यांचा पिवळा बिल्लाही सर्वदूर पोचला आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारनं लिटरमागे पाच रुपयांचं दूध अनुदान दिलं तेव्हा या बिल्ल्याची नोंद आवश्यक होती, त्यामुळे मागे राहिलेल्यांनीही तो मारून घेतला.

मग पट्टा घ्यावा का? तीस-चाळीस गायींचा मुक्त गोठा असेल, रात्री लक्ष ठेवायला माणूस नसेल, तर एका वर्षात वाचलेले माज मोजून हिशेब करता येतो. घेताना विचारायचे प्रश्न साधे आहेत. बॅटरी किती वर्षं चालते? गोठ्यात मोबाइलची रेंज नसेल तर काय? पट्टा बिघडला तर दुरुस्तीला कोण येतं? सूचना मराठीत येते का, आणि ती घरातल्या ज्या बाईच्या हाती गोठा आहे तिच्या फोनवर येते, की दिवसभर बाहेर असलेल्या मालकाच्या? चार-पाच गायींच्या घरी मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर व्यायल्याची आणि माजाची तारीख लिहिणं, अठराव्या ते चोविसाव्या दिवसात पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी वीस-वीस मिनिटं गोठ्यात नुसतं उभं राहून पाहणं, एवढ्यावरही बरंच साधतं.

छोट्या गोठ्यांसाठी याहून मोठं काम दूध संकलन केंद्रं करू शकतील. फॅट मोजणारं यंत्र, संगणक आणि प्रत्येक उत्पादकाचा क्रमांक गावोगावच्या केंद्रांवर आधीच आहे. सकाळ-संध्याकाळ माणूस तिथं येतोच. त्याच नोंदीत बिल्ल्याचा क्रमांक, व्यायल्याची तारीख आणि दिसलेला माज टिपला, तर व्यायल्यापासून साठ दिवस उलटूनही माज न दाखवलेल्या आणि तीनदा भरवूनही उलटलेल्या गायींची गाववार यादी दर आठवड्याला डॉक्टरांच्या हाती देता येईल. त्यातल्या कोणत्या गायीला तपासणी हवी, कोणत्या गोठ्याला खनिज मिश्रण हवं आणि कुणाला खरोखरच पट्ट्याची गरज आहे, हे ती यादी पाहून ठरवता येईल.